कांद्याला वारा, आणि आपल्याला?

टॉप फ्लोअर घ्यायचा की नाही? नाशिकमध्ये फ्लॅट शोधणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच. फायदे सगळ्यांना पाठ असतात. डोक्यावर कुणाच्या खुर्च्या सरकत नाहीत, गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो आणि बिल्डर दोन पैसे कमी करतो. तोटा एकच... मे महिना!

आमच्या दादा-वहिनीने तीन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याला असाच टॉप फ्लोअरचा टू बीएचके घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात बिल्डरने दोन पैसे का कमी केले ते कळलं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत सगळी उष्णता खाली सोडत बसायचा. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. बाहेर गॅलरीत मस्त गार झुळूक आणि आत बेडरूममध्ये भट्टी! हिवाळ्यात उलटा कार्यक्रम. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा एक आकडी पारा पेपरात झळकला की यांच्या घरातली फरशीसुद्धा चावायला लागायची. स्लायडिंग खिडक्यांच्या फटीतून येणारा वारा तर थेट मानेवर.

शेवटी गेल्या दिवाळीचा बोनस आणि थोडी उधारी मिळून दादाने प्रोजेक्ट हाती घेतला. गच्चीवर पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह कोट. आत ग्लासवूल भरलेलं फॉल्स सीलिंग. खडखडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या काढून रबरी पट्टीवाल्या यूपीव्हीसीच्या खिडक्या. मेन डोअरच्या खाली ब्रश. किचनच्या भिंतीत वर एक जाळीचं भोक होतं, तेही पीओपीवाल्याने जाता जाता बुजवून टाकलं. ‘यातून धूळ येते, झुरळं येतात’, असं वर ऐकवलं. कुणालाच त्यात काही चूक वाटली नाही. मलासुद्धा नाही.

आणि बॉस, रिझल्ट सॉलिड होता! हायवेचे हॉर्न गायब. डिसेंबरच्या रात्री हॉलमध्ये बिनस्वेटरचं बसता यायला लागलं. दादा येईल त्याला खिडकी लावून-उघडून दाखवायचा. ‘ऐक, आता ऐक... काही ऐकू येतंय?’

ऐकू काही येत नव्हतं. पण पंधरा-वीस दिवसांत वास यायला लागला.

काळे ठिपके

ओल्या टॉवेलसारखा वास. आधी कपाटात, मग बेडरूममध्ये. सकाळी खिडकीच्या काचांवर आतून पाण्याचे थेंब. वहिनीची ऑफिसची काळी पर्स कपाटातून निघाली ती पांढरी होऊन! कपाट पुढे ओढलं तर मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी. चार वर्षांच्या भाचीचा खोकला काही केल्या थांबेना. आणि वहिनीची तक्रार रोजची. ‘आठ तास झोपले, तरी डोकं जडच!’

दादाचा संशय वॉटरप्रूफिंगवर. पेंटर येऊन गेला. त्याने भिंतीवर टकटक करून ‘सगळं खरवडून नव्याने करावं लागेल’ असा निकाल दिला. आता पाऊस संपून दोन महिने झाले होते, गच्ची कोरडीठाक होती. मग पाणी येत होतं कुठून?

उत्तर दिलं मामाने. आमचा मामा निफाड तालुक्यात शेती करतो. द्राक्षं आणि कांदा. नाशिकला कामासाठी आला होता, म्हणून चहाला थांबला. दारातून आत आला आणि चप्पल काढता काढता थबकलाच.

‘सूनबाई, घरात काही सडलंय का गं?’

वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. दादाने घाईघाईने फॉल्स सीलिंग, खिडक्या, ब्रश असं सगळं दाखवलं. मामाने खिडकीच्या रबरावरून बोट फिरवलं आणि हसायलाच लागला.

‘भाचेराव, छप्पर झकास केलंस. पण चाळीला सगळीकडून ताडपत्री बांधून टाकलीस की रे!’

ज्यांनी कांदाचाळ फक्त हायवेवरून जाताना पाहिलीय त्यांच्यासाठी (मी पण त्यातलीच) मामाचा क्लास थोडक्यात. चाळीत उन्हाळी कांदा एप्रिल-मेपासून पार दिवाळीपर्यंत ठेवायचा असतो. कांदा जिवंत असतो, तो श्वास घेतो. म्हणजे उष्णता आणि ओल सोडत राहतो. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला. तळाला फटी, बाजूंना बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्या, त्यातही फटी. कांद्याचा थर साधारण चार-पाच फुटांच्या वर रचत नाहीत आणि रुंदीही चार फुटांच्या आसपासच, नाहीतर मधल्या कांद्याला वारा लागत नाही. आणि छप्पर? ते मात्र तापू द्यायचं नाही. जुन्या चाळींवर त्यासाठी उसाच्या पाचटाचा जाड थर असायचा. म्हणजे आपल्या भाषेत इन्सुलेशनच की!

‘पावसात बाजूंना ताडपत्री सोडतो आम्ही,’ मामा म्हणाला. ‘पण उघडीप पडली की पहिलं काम ती वर करायचं. विसरला एखादा, तर आठ दिवसांत वास. तुमचं तसंच झालंय.’

आम्ही हसलो. मामालाच टाळी दिली. आणि खरं सांगते, केलं काहीच नाही. पाहुणा गेला, विषय संपला.

पाणी आपणच आणतो

नंतर मी जरा आकडेमोड केली. बंद खोलीत झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून ढोबळमानाने अर्धा लीटर पाणी हवेत सोडतात. त्यात आंघोळीची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, घरात वाळत घातलेले कपडे. आणि सगळ्यात भारी हिशेब गॅसचा. एलपीजी जळताना पाणी तयार होतं, हे आपण दहावीच्या केमिस्ट्रीत शिकून विसरलेले असतो. एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ. म्हणजे 14.2 किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत 22 लीटरच्या वर पाणी तुमच्या किचनच्या हवेत मिसळलेलं असतं. पिण्याच्या पाण्याचा तो मोठा जार असतो ना, तो एक अख्खा आणि वर दोन बाटल्या!

आधीच्या फटीफटीच्या घरात ही वाफ आपोआप बाहेर जात होती. आता तिला रस्ताच नव्हता. मग ती जाते कुठे? घरात जी जागा सगळ्यात थंड तिथे. छताला ग्लासवूल मिळालं, पण बाहेरच्या भिंती, कॉलम आणि बीम तसेच थंड राहिले. वाफ तिथे जाऊन पाणी झाली. त्यातही कपाटाच्या मागे वारा फिरतच नाही, म्हणून बुरशीने तो प्लॉट आधी बुक केला. पेंटरने भिंत कितीही खरवडली असती तरी महिन्याभरात ठिपके परत आलेच असते.

आणि वहिनीचं जड डोकं? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 420 च्या आसपास असतो. दोन माणसं झोपलेल्या गच्च बंद बेडरूममध्ये तो पहाटेपर्यंत दोन हजारांच्या वर सहज जातो. जीव जात नाही त्याने, पण शिळ्या हवेत झोप शिळीच लागते. एसी लावणाऱ्यांनी कॉलर ताठ करू नये. नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतली तीच हवा गार करून परत तुमच्यावर सोडतो.

ती रविवारची सकाळ

इथपर्यंत हा कॉलम बुरशी आणि पर्सचाच होता. तसाच राहिला असता तर बरं झालं असतं.

जानेवारीत थंडी वाढली. यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, आतल्याच भिंतीवर लावलेला. खिडकी म्हणजे काचेच्या पट्ट्यांची छोटीशी. त्यातून आंघोळीच्या वेळी गार वारा येतो म्हणून दादाने थर्माकोल कापून तिथे बसवला आणि चारी बाजूंनी ब्राऊन टेप मारला. प्रोजेक्ट पूर्ण!

रविवारी वहिनी केस धुवायला गेली. रविवार म्हणजे निवांत, गीझर वीस-पंचवीस मिनिटं चालू. हॉलमध्ये दादाला बादली पडल्याचा आवाज आला. त्याने हाक मारली, उत्तर नाही. भाची दारापाशी जाऊन ‘आई, आई’ करत होती. नशीब एवढंच की दाराला आतून कडी नव्हती. पोरगी सारखी मध्ये येते म्हणून वहिनीने ती लावायचीच सोडून दिली होती. दादाने दार ढकललं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे उघडे, पण बोलता येत नव्हतं. त्याने तिला उचलून थेट गॅलरीत नेलं, गॅस बंद केला, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘गॅस गीझर आहे का घरात?’

ऑक्सिजन लावला, एक रात्र ठेवून घेतलं. आता ती ठणठणीत आहे. पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दादा एकच वाक्य परत परत म्हणत होता. ‘टेप मीच मारला ना गं.’

गॅस गीझर चूल आहे, हे आपण विसरतो. चुलीला हवा लागते. पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनला रक्तात जागाच उरत नाही. आणि त्याला ना रंग, ना वास. सिलिंडर लीक झालं तर वास येतो, कारण तो वासाचा पदार्थ एलपीजीत मुद्दाम मिसळलेला असतो. मोनॉक्साइडच्या बाबतीत तशी काही सोय नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय गळतात. धोका कळेपर्यंत कडीपर्यंत हात पोचत नाही. दर हिवाळ्यात पेपरात आतल्या पानावर ‘बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू’ अशी चार ओळींची बातमी येते ती हीच. आपण ती वाचतो आणि पान उलटतो.

हे फक्त आपलंच नाही

‘आपल्याकडे लोकांना कळत नाही’ वगैरे म्हणायचं कारण नाही. ज्यांनी इन्सुलेशनचा शास्त्र म्हणून अभ्यास केला, त्यांचंही हेच झालंय. 1973 च्या तेलसंकटानंतर थंड देशांनी हीटिंगचा खर्च वाचवायला घरं आणि ऑफिसं गच्च बंद केली. आणि मग ओल, बुरशी, डोकेदुखीच्या तक्रारी सुरू झाल्या. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे 2020 च्या डिसेंबरमध्ये दोन वर्षांचं एक मूल घरातल्या बुरशीमुळे श्वसनाच्या आजाराने दगावलं. 2022 मध्ये चौकशीत ते स्पष्ट झालं, आणि घरमालकांनी ओल-बुरशी ठरलेल्या मुदतीत दूर करावी असा कायदा तिथे झाला. जर्मनीत तर भर हिवाळ्यातही लोक दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडतात. त्यासाठी त्यांच्याकडे खास शब्द आहे आणि भाडेकरारातही त्याचा उल्लेख सापडतो.

आपल्याकडे 2018 मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छत आणि भिंतीतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात आहेच. पण त्याच संहितेत उघडता येणाऱ्या खिडक्यांचं किमान प्रमाणही दिलंय. उष्ण-कोरड्या हवेत घराच्या चटईक्षेत्राच्या 10 टक्के, उष्ण-दमट हवेत सुमारे 16 टक्के. म्हणजे इन्सुलेशन आणि वारा एकाच पुस्तकात! आता आपली बेडरूम बघा. दहा बाय बारा म्हणजे 120 चौरस फूट. त्याला किमान 12 चौरस फूट उघडणारी खिडकी हवी. तुमची पाच बाय चारची खिडकी 20 चौरस फुटांची आहे म्हणून खूश होऊ नका. दोन काचांची स्लायडिंग असेल तर एका वेळी अर्धीच उघडते. उरले 10. नापास!

आणि आपले जुने वाडे? पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकमधल्या एखाद्या वाड्यात भर दुपारी शिरून बघा. जाड भिंतींनी ऊन बाहेर ठेवलेलं असतं आणि मधल्या चौकातून, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जात असते. चौकाला आपण आता ‘वाया गेलेला एफएसआय’ म्हणतो!

मग करायचं काय?

ग्लासवूल काढून टाकायचं? अजिबात नाही. दादाचं इन्सुलेशन चुकलं नव्हतंच. फटी बुजवताना हवेचा नवा रस्ता ठरवायला तो विसरला, एवढंच. म्हणून मिस्त्रीला फोन करण्याआधी कागदावर दोन बाण काढा. हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार?

— गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. बाहेर मोकळ्या हवेत, ड्राय बाल्कनीत लावून आत फक्त पाइप घ्या. ते जमेपर्यंत आधी बादली भरा, गीझर बंद करा, मग आंघोळ. खिडकी-झरोका बुजवायचा नाही म्हणजे नाही, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो घरात लावा.

— कुणाला चक्कर आलीच तर आधी माणूस मोकळ्या हवेत, मग 108 ला फोन. आणि डॉक्टरांना गीझरबद्दल आपणहून सांगा.

— किचन आणि बाथरूममध्ये बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट हवाच. आंघोळीनंतरही तो पंधरा मिनिटं चालू ठेवा. चिमणी घेताना पाइप बाहेर जाणारी घ्या. बिनपाइपची चिमणी तेल अडवते, पण वाफ किचनमध्येच परत सोडते.

— एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायलाही हवी. खिडकी थोडी उघडी, बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट. नाहीतर गच्च घरात जोरदार चिमणी गीझरचा धूर आणि गटाराचा वास उलटा आत ओढते.

— रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एकच खिडकी उघडून वारा फिरत नाही. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती गार होत नाहीत. बाहेर कुणी कचरा जाळत असेल किंवा ट्रॅफिक जॅम असेल, तर ती वेळ टाळा.

— कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा ठेवा. कपडे गॅलरीत वाळवा. घरातच वाळवावे लागले, तर त्या खोलीची खिडकी उघडी.

— मे महिन्यात उलट टाइमटेबल. दुपारी पडदे-खिडक्या बंद, रात्री आणि पहाटे सगळं उघडं. नाशिकमध्ये मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असला तरी पहाटे बावीस-तेवीसपर्यंत उतरतो. हा फुकटचा एसी आहे! डासांसाठी जाळी लावा, पण ती महिन्यातून एकदा धुवा. धुळीने भरलेली जाळी म्हणजे अर्धी भिंतच.

दादाने काय केलं? गीझर ड्राय बाल्कनीत गेला. किचनच्या भिंतीतलं ते भोक पुन्हा उघडलं, आता त्यात एक्झॉस्ट बसलाय. बेडरूमच्या खिडक्यांना वर झाकण असलेल्या छोट्या झडपा करून घेतल्या. काळे ठिपके पुसले, भिंत वाळू दिली, मगच रंग काढला. भाचीचा खोकला फेब्रुवारीत थांबला. थंडी गेली म्हणून की बुरशी गेली म्हणून, ते मला माहीत नाही, पण थांबला. घर अजूनही गार आहे. हायवेचे हॉर्न मात्र सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं परत आलेत. दादाची आता तक्रार नाही.

परवा मामाचा फोन होता. कांदा चाळीत टाकायचं काम चालू होतं. वहिनीने विचारलं, ‘मामा, यंदा चाळ कशी आहे?’

‘झकास,’ मामा म्हणाला. ‘तुझी कशी आहे?’

वहिनी उठली आणि बेडरूमची खिडकी उघडून आली.